बैलाचा शनिवार

ठाण्यात आम्हाला शनिवार तेली म्हणत. आडनाव विचारायची कुणाला गरज पडत नसे. टेंभी नाक्याकडून खाडीच्या बाजूला उतरणाऱ्या गल्लीत शिरून "शनिवार तेल्याचं घर कुठलं?" असं विचारलं की कुणीही बोट दाखवी. कुणी भेटलं नाही तरी अडत नसे, वासावरून घर सापडे. तिळाच्या पेंडीचा तो वास आमच्या भिंतींना होता, अंथरुणांना होता, माझ्या दप्तराला होता. शाळेत मुली माझ्या शेजारी बसायला नाकं मुरडत. परीक्षेच्या दिवशी मात्र माझ्या शेजारची जागा पकडायला त्यांच्यात भांडणं होत.

आम्ही बेने इस्राएल. फार फार पूर्वी आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं आणि वाचलेली थोडी माणसं तिथल्याच गावांत राहिली, असं आमच्यात सांगतात. धर्म यहुद्यांचा, भाषा मराठी आणि धंदा तेलाचा. शनिवार हा आमचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, घाणा फिरवायचा नाही, आणि बैलाच्या मानेवरही जू ठेवायचं नाही, कारण आमच्या धर्मात माणसाच्या विश्रांतीबरोबर जनावराची विश्रांतीही सांगितलेली आहे. म्हणून गावांतल्या लोकांनी आमचं नाव शनिवार तेली ठेवलं. हिंदू तेली महादेवाच्या वारी घाणा बंद ठेवत, ते सोमवार तेली. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. ज्याचा त्याचा वार.

अडचण एकच होती. शनिवार म्हणजे मारुतीला तेल घालायचा दिवस. अख्ख्या गावाला ज्या दिवशी तेल हवं, नेमक्या त्याच दिवशी आमचं दार बंद. शहाणी गिऱ्हाइकं शुक्रवारी दुपारीच तेल नेऊन ठेवत. नौपाड्यातल्या एक बाई मात्र वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी ओलेत्या केसांनी येऊन कडी वाजवायच्या आणि बाहेरूनच म्हणायच्या, "अहो, थेंबभर तरी द्या! मी मारुतीला काय सांगू?"

बाबा आतून म्हणायचे, "माझं नाव सांगा."

मी सांगते आहे तो काळ स्वातंत्र्य मिळालं त्यानंतरचा. तोवर आमच्या लोकांत घाणा चालवणारं घर दिवा घेऊन शोधावं लागलं असतं. सगळे केव्हाच रेल्वेत, कचेऱ्यांत, इस्पितळांत, पलटणीत गेले होते. आईचं माहेर कल्याणचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. माझे मामा इस्त्रीचे कपडे घालून आमच्याकडे यायचे आणि बसण्यापूर्वी खुर्ची रुमालाने पुसायचे. "कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली," असं एक मामा हसत हसत म्हणायचा. बाबाही हसायचे. आई हसत नसे. ती म्हणायची, "माझं लग्न माणसाशी लावलं की बैलाशी, हेच मला अजून कळलेलं नाही."

तिची तक्रार अगदीच खोटी नव्हती. बाबांचं निम्मं बोलणं बैलाशी होई. पांढरा, जरासा पिवळटपणाकडे झुकणारा, डाव्या खांद्यावर जुवाचा घट्टा पडलेला असा तो बैल वासरू असताना घरी आला होता. बाबा त्याला बाळ म्हणत. परसातल्या छपराखाली लाकडी घाणा होता. उखळात तीळ टाकायचे, त्यात लाट, म्हणजे उभं जाड लाकूड, लाटेला बांधलेला बैल, बैलाच्या डोळ्यांवर झापडं. "चल बाळा" म्हटलं की तो निघे आणि "बस बाळा" म्हटलं की थांबे. मधल्या वेळात बाबा त्याला बाजारभावापासून माझ्या प्रगतीपुस्तकापर्यंत सगळं सांगत.

शुक्रवारी दुपार कलली की बाबा लाट सोडवत. बैलाची झापडं काढत, कोमट पाण्याने त्याचे खांदे धूत, त्यावर तेल चोळत आणि पेंडीचा मोठा गोळा पुढे ठेवत. मग स्वतः आंघोळ करून काळी टोपी घालून मशिदीत जात. आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही घरात मशीदच म्हणायचो. इकडे आई काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर आमचंच तेल घालून शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या आमच्या शनिवारचा, दिवा लावी. शनिवारभर बैल अंगणात मोकळा, चिंचेखाली रवंथ करत बसलेला. माझं सगळं लहानपण हे असं गेलं. शनिवारी बैल बसतो, हे मला सूर्य उगवतो तितकंच साधं वाटे.

मला एकच भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आईचा जीव त्याच्यात अडकलेला. माझ्यातही होता, पण तो सवडीने. दादाला घाण्यात रस नव्हता आणि कचेरीत नोकरी लागत नव्हती. त्या सुमारास इस्राएल हे नवं राष्ट्र झालं होतं आणि आमच्या मशिदीत दुसरं बोलणंच नव्हतं. आज अमक्याचा मुलगा निघाला, उद्या तमक्याचं सगळं बिऱ्हाड. दादाही निघाला. आईने त्याला लाडू बांधून दिले, लोणचं दिलं, गोधडी दिली. बंदरावर ती रडली नाही. घरी येऊन त्याचं ताट घासताना रडली.

पहिली दोन वर्षं दादाचे दिवस फार हलाखीत गेले. तंबूत राहिला, रस्त्यावर खडी फोडली. मग कुणीतरी त्याला विचारलं, तुझ्या घरचा धंदा कोणता? हा म्हणाला, तेलाचा. झालं. त्याला समुद्राकाठच्या एका वसाहतीत तेलाच्या कारखान्यात पाठवलं. ज्या घाण्यापासून तो पळाला तोच घाणा समुद्र ओलांडून त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, असं म्हणून आई हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

तिथलं तेल जैतुनाचं. जैतून हा शब्द आम्हाला प्रार्थनेतून माहीत होता. आमच्या धर्मग्रंथातल्या जुन्या देवळातला दिवा जैतुनाच्या तेलाचा, हे बाबांना तोंडपाठ, पण जैतून त्यांच्या बापजाद्यांपैकी कुणी पाहिलं नव्हतं. जांभळासारखं काहीतरी असेल, असा आमचा समज. दादाने लिहिलं, समुद्रापासून वर टेकड्यांवर ही झाडं आहेत, पानं एका बाजूने राखाडी. खाली चादरी अंथरतात, फांद्या काठीने झोडतात आणि फळांचा सडा पडतो. ती फळं दगडी चाकांखाली आठळ्यांसकट चेचायची, तो लगदा गोल चटयांवर पसरायचा, चटया एकावर एक रचून वरून दाब द्यायचा. तेल हिरवं निघतं आणि पाण्यावर तरंगतं, ते वरून काढून घ्यायचं. बाबांनी हे पत्र घाण्यापाशी बसून मोठ्याने वाचलं. बहुधा बैलासाठी. मग मला विचारलं, "आणि बैल?"

"बैल नसतो, बाबा. यंत्र असतं."

"मग यंत्र शनिवारी थांबवत असतील," ते म्हणाले. "तिथे काय, सगळा देशच थांबतो म्हणे शनिवारी." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. इथे शनिवारी थांबणारे आम्ही चार टाळकी. बाहेर टांगे चालू, बाजार चालू, गिरणीचा भोंगा चालू. तिथे राजा थांबतो, पोस्टमन थांबतो, असं चित्र त्यांनी मनाशी काढलं होतं. त्या देशाला राजा नाही, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "जो कोण असेल तो."

तिथून परत आलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दादाने तेलाची बाटली पाठवली. आईने ती बाळंतिणीच्या खोलीतल्या बाळासारखी दोन्ही हातांत धरली. बाबांनी एक थेंब तळव्यावर घेतला, चोळला, हुंगला, जिभेवर ठेवला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"घशाला लागतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बघायला पाहिजे एकदा. कसं काढतात ते."

त्या 'एकदा'ला आईने घट्ट धरलं. तिला जैतुनाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला मुलगा बघायचा होता. त्याने लग्न ठरवलं होतं, मुलगी भलत्याच देशातून आलेली, तिची भाषा वेगळी. "तिला मी हातवारे करून सगळं शिकवीन," आई म्हणे. तिने ट्रंक खाली काढली आणि तिला आतून नवा कागद लावला. एरवी बाबा हट्टाने बसून राहिले असते, पण तोवर डब्यातलं गिरणीचं तेल आणि वनस्पती तूप घरोघरी पोचलं होतं. आमच्याकडे तेल न्यायला आता म्हातारी माणसं आणि देवळांचे पुजारी एवढेच येत. बाबांनी होकार दिला. कागदपत्रं झाली, जाण्याचा महिना ठरला. मी तेव्हा नुकती मॅट्रिक झाले होते, आणि आईच्या आनंदाने मलाही झपाटलं होतं.

राहिला बैल. बाजारात तो जाईल कुठे हे सांगायला नको. बाबांनी महिनाभर चौकशी करून आंबिवलीजवळच्या खेड्यात एक तेली शोधला. हिंदू तेली, बाबांहून तरुण, घाणा चालता, बायको-मुलं, गोठा स्वच्छ. बाबा दोनदा जाऊन बघून आले. मुलीचं स्थळ बघायलाही माणूस इतक्यांदा जात नाही. तो बैल न्यायला आला त्या दिवशी बाबांनी त्याला अंगणात बसवून सगळं समजावलं. डाव्या खांद्याला चिंधी गुंडाळा. पेंड भिजवून द्या. उन्हाळ्यात दुपारी घेऊ नका. रागावलात तरी चालेल, ओरडू नका. तो माणूस मान डोलवत होता. बैल गल्लीच्या वळणावर थांबला, मागे वळून बघितलं आणि गेला. बाबा घाण्याच्या रिकाम्या खळ्यात बराच वेळ उभे राहिले.  आईने त्यांना चहा तिथेच नेऊन दिला.

तीनेक आठवड्यांनी, एका रविवारी तो तेली दारात उभा. चेहरा ओशाळलेला आणि तापलेलाही.

"काका, जनावर चांगलंय. सहा दिवस तक्रार नाय. पन शनवारी सकाळी बसतो तो उठतच नाय. शेपटी पिरगाळली, मारला पन. दगडावानी बसून र्‍हातो. दर शनवारी तेच."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. खांदा सांगितला, पेंड सांगितली, ऊन सांगितलं, आणि शनिवार सांगायचा राहिला. विसरले असंही म्हणता येणार नाही. ते त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. "मासा विकताना तो पाण्यात राहतो हे कोण सांगतं?" ते नंतर आईला म्हणाले.

बैलाला वार कळतो का? मी पुढे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि असा प्रश्न कुणी विचारला तर मी वर्गात शरीराच्या सवयीबद्दल बोलले असते. सहा दिवस राबायचं, सातव्या दिवशी बसायचं, हे त्याच्या हाडांत वर्षानुवर्षं मुरलं होतं. त्याला धर्म कळत नव्हता. पण बाबांच्या घरात तो वाढला होता.

"शनिवारी त्याला सुटी दे," बाबा म्हणाले. "त्याऐवजी सोमवारी काम घे. खुशाल घे."

तेल्याने दोन्ही कान पकडले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, सोमवार महादेवाचा. माझ्या बापाने कधी मोडला नाय. मी कसा मोडू?"

 जगातलं दुसरं कुठलंही कारण असतं तर बाबांनी वाद घातला असता. या कारणापुढे मात्र त्यांना मान खाली घालावीच लागली.

"आन् शनवारी तर मारुतीचं तेल," तो पुढे म्हणाला. "गिऱ्हाईक दारात येऊन उभं र्‍हातं. दोन दोन दिवस खाडा मला नाय झेपत. येत्या शनवारी उठला तर ठीक, नायतर मला दुसरं जनावर बघावं लागंल. याला मग बाजारात..."  तो वाईट माणूस नव्हता.

तो गेल्यावर आई म्हणाली, "परत आणा त्याला." पण आणून ठेवणार कुठे? घाणा मोडून त्याचं लाकूड गेलं होतं, घराला दुसरं बिऱ्हाड ठरलं होतं. महिन्याभरात आम्हीच नसणार होतो. नात्यातल्या कुणी बैल ठेवून घेणं शक्य नव्हतं. मामांच्या क्वार्टरमध्ये कोंबडीलाही परवानगी नव्हती. बाबा चार दिवस रिकाम्या खळ्यात येरझारा घालत होते. शुक्रवारी दुपारी त्यांनी स्वच्छ कपडे घातले आणि म्हणाले, "मी आंबिवलीला जाऊन येतो. रात्री तिथेच राहीन."

"आज? शब्बाथला परक्या घरी?" आईने विचारलं. ते टोपी चढवू लागले, तेव्हा तिने भाकऱ्या आणि उकडलेली अंडी बांधली आणि मला त्यांच्याबरोबर धाडलं.

दिवस मावळण्यापूर्वी आम्ही पोचलो. तेल्याच्या बायकोने न विचारताच सारवलेल्या ओसरीचा कोपरा आम्हाला दिला आणि पणतीत त्यांच्या घाण्याचं तेल. मी शब्बाथचा दिवा लावला. बाबांनी प्रार्थना म्हटली. तिची मुलं दारातून बघत होती आणि ती त्यांना "गप र्‍हा, त्यांचा देव बोलतोय" असं सांगत होती.

सकाळी आम्ही गोठ्यात गेलो. बैल बसलेला होता. पाठीवर काठीचे वळ, शेपटीचं टोक सुजलेलं. बाबांना बघून तो धडपडत उठला आणि त्याने त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. बाबा त्याचं कपाळ खाजवत राहिले. तेली आनंदून म्हणाला, "उठला की!" त्याने जू आणलं. जू दिसताच बैल पुढचे गुडघे मोडून पुन्हा खाली बसला. बाबांसमोर तर तो जास्तच निर्धास्त बसला, कारण आता त्याचा माणूस आला होता आणि त्याच्या माणसाला शनिवार माहीत होता.

तेल्याने कोपऱ्यातली काठी उचलली. बाबा म्हणाले, "ती ठेव. जू दे इकडे."

मी म्हटलं, "बाबा, आज शनिवार आहे." इतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

त्यांनी जू हातात घेतलं.  बैलाच्या डाव्या खांद्यावर त्यांनी चिंधी नीट बसवली, त्यावर जू ठेवलं, झापडं बांधली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "चल बाळा."

बैल हलला नाही. कान मात्र त्याने वळवला. बाबा पुन्हा म्हणाले, "चल रे बाळा. चल." तो उठला. त्याने स्वतःला घाण्याला जुंपू दिलं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते त्याच्याबरोबर गोल गोल चालू लागले. दोघांच्या पायांखाली तीच वाट, तीच लाटेची करकर. दुपारपर्यंत, उखळातलं तेल निघेपर्यंत बाबा थांबले नाहीत. त्यांनी पाणीही घेतलं नाही. तेली एका बाजूला हात जोडल्यासारखा उभा होता आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते.

परतताना बाबा आंबिवली स्टेशनच्या बाकड्यावर बसून राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. आकाशात तीन तारे दिसल्याखेरीज शब्बाथ संपत नाही आणि तो संपल्याखेरीज प्रवास करायचा नाही. अर्धा दिवस घाणा चालवलेला माणूस गाडीत बसायला चांदण्यांची वाट बघत होता. मला हसावं की काय करावं कळेना. मी म्हटलं, "बाबा, एका मुक्या जनावरासाठी केलंत. देव समजून घेईल."

"देव घेईल," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. पण मारून उठला नाही गं तो. माझ्या शब्दावर उठला."

पुढे तेल्याचा निरोप आला, बैल आता शनिवारी चालतो. बाबांना चांगलं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. ते मशिदीत जात, पण आपली जागा सोडून मागे, दाराजवळ बसत. निघायला आठवडा उरला तेव्हा एका सकाळी त्यांनी आईला शांतपणे सांगितलं, "तू पोरीला घेऊन जा. मी येत नाही."

आईला वाटलं, ते थट्टा करताहेत. मग ती चिडली, मग तिने मामांना बोलावलं. मामांनी खुर्ची न पुसताच बसून समजावलं. बाबांचं एकच म्हणणं. "तिथे शनिवारी सगळा देश थांबतो. सगळीकडे चिडीचूप. तिथे दर शनिवारी मला तो बैल चालताना ऐकू येईल. इथे निदान रस्ता चालू असतो."

मला बाबांचा तेव्हा राग आला आणि अजूनही येतो. आपलं दुःख त्यांनी प्रामाणिकपणे सोसलं, पण त्याचं भाडं आईने भरलं. दोन दिवस ट्रंक बांधलेली तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंक उघडली आणि एकेक साडी काढून परत फळीवर ठेवली. मी म्हटलं, "आई, आपण दोघी जाऊ. ते राहतील." ती म्हणाली, "त्यांना बैल एकटा सोडवेना आणि मी माणूस सोडू?" आवाजात राग होता आणि बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती बोलली होती.

घराला ठरलेलं बिऱ्हाड आलं नाही, आम्हीच राहिलो. बाबा एका किराणा दुकानात तेलाच्या डब्यांची झाकणं उघडायला लागले. दादाचं लग्न झालं, मुलगी झाली. फोटो आला तो आईने देव्हाऱ्यासारखा जपला. दादाला यायला जमत नव्हतं, आईला पाठवायला पुन्हा कुणाचं मन धजलं नाही. "पुढच्या वर्षी," असं दोन्हीकडून लिहिलं जाई. पन्नासचं दशक सरत आलं असताना आईला कावीळ झाली आणि पंधरवड्यात ती गेली. शेवटी शेवटी ती मलाच दादा समजून बोलत होती. मी "हो आई" म्हणत होते.

दादा आला तो चार महिन्यांनी. रापलेला, रुंद खांद्यांचा, मराठीत अडखळणारा. कबरीवर जाऊन आला, रडला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी तो ओट्यावर बाबांच्या शेजारी बसला, खिशातून सिगारेट काढली आणि काडी ओढली. शब्बाथच्या दिवशी आमच्या घरात तोवर कधी काडी पेटली नव्हती. बाबा त्या ज्योतीकडे बघत राहिले. दादाच्या लक्षात आलं तेव्हा त्याने घाईघाईने सिगारेट विझवली.

"सवय झाली, बाबा," तो ओशाळून म्हणाला. "तिकडे आमच्या वसाहतीत कुणी फारसं पाळत नाही. शनिवारी निम्मे लोक समुद्रावर पोहायला जातात."

"आणि कारखाना?"

"हंगामात चालूच असतो. फळं एकदा झोडली की ठेवता येत नाहीत, तेल खवट होतं. मी स्वतः किती शनिवार काढलेत चाकाशी उभं राहून."

बाबांनी विचारलं, "हे कधी लिहिलं नाहीस ते?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मी दारात उभी होते. बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना. गल्लीतून टांगा गेला, कुणीतरी मारुतीचं तेल घेऊन घाईघाईने गेलं. बाबांनी दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कळवायचं होतंस रे. तुझ्या आईला घेऊन आलो असतो," ते म्हणाले.